जुनी जिप्सी घेतली, आता सुरुवात कुठून करायची? ऑफरोडिंगमध्ये नवीन असलेल्यांसाठी

ओळखीत कुणी जुनी जिप्सी घेतली की आठवड्याभरात ठरलेला फोन येतो, लिफ्ट (म्हणजे गाडीची उंची वाढवणं) दोन इंच करू का चार, आणि बुलबार (पुढचा लोखंडी गार्ड) कुठला चांगला. गाडीच्या खाली अजून कुणी वाकून बघितलेलं नसतं. म्हणून हा लेख तुम्हाला थोडा उलटा वाटेल, लिफ्ट जवळजवळ शेवटी आहे आणि बुलबार नाहीच. आधी गाडी जशी कंपनीतून आली तशी करायची, मग अडकली तर बाहेर काढायची सोय, मग टायर, आणि एवढं होऊनही हौस आणि पैसे उरले तर बाकीचं. हा क्रम पाळला तर निम्मे खर्च आपोआप टळतात, कारण नीट ठेवलेली स्टॉक जिप्सी कुठपर्यंत जाते हे बघितल्यावर बरेच जण लिफ्टचा विषयच सोडून देतात.

जिप्सीच का धरली ते सांगतो. सुझुकीच्या एसजे मालिकेतली ही लांब व्हीलबेसची गाडी, लॅडर चेसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा), पुढे-मागे दोन्हीकडे अख्खा ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा एकसंध दांडा), चारी बाजूंना पाटे (लीफ स्प्रिंग), ग्राउंड क्लिअरन्स (पोट आणि जमिनीतलं अंतर) २१० मिमी आणि वजन टनाच्या आसपास. हे वजन कमी असणं हाच तिचा खरा गुण, जड गाडी जिथे बसते तिथून ही निघून जाते आणि अडकलीच तर चार माणसं ढकलू शकतात. शिवाय आत कॉम्प्युटर फारसा नाही, त्यामुळे घरी पाने घेऊन शिकायला हिच्यासारखी गाडी नाही. तुमच्याकडे जुनी महिंद्रा जीप असेल तरी यातलं बहुतेक लागू आहे, फक्त तिथे इंची पाने लागतात, जिप्सीला १०, १२, १४, १७ हे मिलिमीटरचे पाने असले की अर्धी गाडी खुलते. आणि २०२० नंतरची नवी थार असेल तर दुरुस्तीचा भाग वाचून सोडून द्या, कंपनीच २२६ मिमी क्लिअरन्स आणि ६५० मिमी पाण्यातून जायची क्षमता देतेय, तिला सुरुवातीला टायर आणि रिकव्हरीचं, म्हणजे अडकलेली गाडी बाहेर काढायचं, सामान सोडून काहीही लागत नाही, उगाच वॉरंटी घालवू नका.

कुठली जिप्सी आहे ते आधी ओळखा

१९८५ च्या शेवटी आली ती ९७० सीसीची, चार गिअरची. १९९३ पासून रुंद ट्रॅकची (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) आली, आधीची अरुंद ट्रॅकची गाडी आडव्या उतारावर जरा भीती घालते. १९९६ ला १२९८ सीसीची किंग आली, पाच गिअर, ६० बीएचपी, आणि २००० ला तीच १६ व्हॉल्व्ह एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन) होऊन ८० बीएचपीची झाली. नवशिक्याने जमलं तर एमपीएफआयच बघावी. कार्ब्युरेटरची गाडी तीव्र चढावर किंवा खूप कलली की पेट्रोल नीट न मिळून बंद पडू शकते, आणि बंद पडते ती नेमकी जिथे पडू नये तिथेच. ज्यांना कार्ब्युरेटर आवडतो त्यांना तो आवडतो, त्यांच्याशी वाद नको.

घेताना इंजिनाचा आवाज सगळेच ऐकतात, गंज कुणी बघत नाही. जिप्सीचा पत्रा गंजतो, हे गृहीतच धरा. पायाखालचं मॅटिंग उचलून फ्लोअर बघा, काचेच्या फ्रेमचा खालचा भाग, चाकांच्या कमानीच्या आतल्या कडा, आणि बॉडी जिथे चेसिसवर बसते ते माउंट. मोठा स्क्रू ड्रायव्हर घेऊन संशय येईल तिथे टोचायचं, आत गेला तर भाव पाडा नाहीतर निघून या. पत्र्याला पॅच मारता येतो. चेसिसला पाटे जिथे लागतात तिथे गंज असेल किंवा वेल्डिंग करून वर ताजा काळा रंग फासलेला असेल तर ती गाडी माझ्या मते फुकट मिळाली तरी महाग आहे.

कागद

कंटाळवाणा भाग, पण पैसे इथेच बुडतात. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे फिटनेस करून पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. दिल्ली-एनसीआरमध्ये १५ वर्षांवरच्या पेट्रोल आणि १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या बऱ्याच गाड्या एनओसी घेऊन इकडे येतात, स्वस्त वाटतात, पण एनओसी, इथला रोड टॅक्स, नवीन नंबर हे सगळं धरून हिशोब करा. आर्मी डिस्पोजलच्या गाड्यांचंही तेच, लिलावाची कागदपत्रं पूर्ण हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका. हरियाणातल्या मंडी डबवालीकडून जुळवून आणलेल्या जीपा दिसायला एक नंबर असतात, पण चेसिस नंबर एकीकडचा आणि बाकी गाडी दुसरीकडची असं निघालं तर नावावर करताना रडायची वेळ येते.

मॉडिफिकेशनबद्दलही इथेच सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीने जी गाडी मंजूर करून घेतलीये त्यात परस्पर बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बुलबारवर कारवाई करा असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि तो समोरून धडकणाऱ्या पादचाऱ्याला जास्त इजा करतो म्हणून कळवलंय, त्यामुळे तो विषय माझ्यापुरता संपला. अपघात झाला तर न कळवलेल्या बदलांवरून इन्शुरन्सवाले क्लेम अडवू शकतात. मोठा बदल करायचाच असेल तर आधी आरटीओत आणि इन्शुरन्सकडे विचारा, नाहीतर गाडी ट्रेलरवर टाकून खाजगी ट्रॅकवर न्या, हौशी लोकं तसंही करतात.

पहिलं काम: सगळी तेलं बदला आणि जुनं तेल नीट बघा

मागच्या मालकाने "आत्ताच सर्व्हिस केलीये" सांगितलं असेल, सोडून द्या. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा डबा), पुढचा डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गोल डबा, दोन चाकांना जोर वाटणारा), मागचा डिफरन्शियल, पाचही ठिकाणचं तेल काढायचं. ड्रेन बोल्ट काढायच्या आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय ना ते बघून घ्या, तो गंजून बसलेला असला आणि तुम्ही खालून तेल सांडून मोकळे झालात तर गाडी तिथेच राहणार. निघालेलं तेल दुधी, कॉफीसारखं दिसलं तर आत पाणी गेलेलं आहे. थोडी करडी धूळ चालते, पण चमकणारे कण किंवा दाताचा तुकडा निघाला तर गॅरेजचा रस्ता धरा.

तेल कुठलं याच्यात बरेच जण फसतात. डिफरन्शियलला जीएल-५ (गिअर ऑइलची प्रत, डब्यावर लिहिलेली असते) लागतं, पण गिअरबॉक्सला जीएल-४ च घाला, कारण जीएल-५ मधल्या रसायनांचा आतल्या पितळी सिंक्रो रिंगांना त्रास होतो आणि काही महिन्यांनी गिअर टाकताना खरखर सुरू होते. दुकानदार म्हणेल एकच डबा सगळ्याला चालतो साहेब. नाही चालत.

जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, वेगळा, रबर माउंटवर लटकलेला आहे, आणि मध्ये एक छोटा प्रॉपेलर शाफ्ट (जोर पोचवणारा फिरता दांडा) आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलकडे जाणारे दोन धरून शाफ्ट तीन झाले. जिथे ग्रीस निप्पल असेल तिथे ग्रीस गनने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरायचं. हाताने शाफ्ट उलटसुलट फिरवून बघा, क्रॉसमध्ये (शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट) टकटक जाणवली तर क्रॉस बदला. शाफ्ट काढताना दोन्ही फ्लॅंजवर रंगाची खूण करून ठेवा म्हणजे परत तसाच बसेल, नाहीतर नसलेली थरथर तयार होते. ट्रान्सफर केसचे रबर माउंट फाटलेले असतील तर क्लच सोडताना खालून धाडकन आवाज येतो, लोकं गिअरबॉक्स उघडून बसतात आणि दोष त्या रबरात असतो.

गाडीखाली जायचं म्हणजे दोन घोड्या (जॅक स्टँड), त्यावर चेसिस टेकलेली, चाकांना ओट (अडसर) लावलेली. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर गाडी ठेवून खाली कुणी जाऊ नका, वीट बघता बघता फुटते.

पुढचा ॲक्सल, इथे वेळ द्या

जिप्सीची अर्धी बदनामी पुढच्या ॲक्सलमुळे आहे. ५०-६० च्या स्पीडला एखादा खड्डा लागला की स्टेअरिंग जोरात थरथरायला लागतं आणि गाडी जवळजवळ थांबवल्याशिवाय ते बंद होत नाही. लोकं आधी व्हील बॅलन्सिंग करतात, मग अलाइनमेंट, मग स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकतात, तो आजार महिनाभर झाकतो आणि परत सुरू. बहुतेक वेळा मूळ दोष किंगपिनच्या (ज्यावर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं ती पिन) बेअरिंगमध्ये असतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर व्हील बेअरिंग सैल आहे, नाही गेला तर किंगपिन. मग चाक डावी-उजवीकडे धरून हलवा, तिथे खेळ असेल तर टाय रॉडचे एंड किंवा स्टेअरिंग बॉक्स. एवढं स्वतः करून मग मिस्त्रीकडे गेलात की बोलण्यातच फरक पडतो, तो तुम्हाला चार पार्ट जास्त सांगत नाही.

किंगपिन बेअरिंग बदलताना शिम (पातळ चकत्या) टाकून त्याला ठरलेला ताण द्यावा लागतो, स्प्रिंग बॅलन्सने (ताणकाट्याने) नकल (किंगपिनवर वळणारा चाकाचा भाग) ओढून मोजतात, अंदाजाने करणाऱ्याकडे देऊ नका. तेव्हाच नकल सीलही बदलून घ्या. चाकामागच्या त्या गोल चेंडूसारख्या भागातून काळपट पातळ तेल गळत असेल तर आतलं ॲक्सल सील गेलंय, डिफरन्शियलचं तेल नकलमधल्या ग्रीसमध्ये मिसळून बाहेर येतंय. नुसतं बाहेरचं सील बदलून ते थांबत नाही, आणि तिकडे डिफरन्शियल हळूहळू कोरडा पडत जातो.

पाट्यांचे बुश, शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या पट्ट्या), यू बोल्ट हेही याच वेळी. एखादा पाटा तुटलेला असतो आणि चिखलाखाली दिसत नाही, म्हणून आधी धुवा मग बघा.

फोर बाय फोर वापरायचं कसं

जिप्सीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या मधे तिसरा डिफरन्शियल नाही, त्यामुळे ४एच (चारी चाकांना जोर, नेहमीचे गिअर) टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. वळताना पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, चिखलात चाक थोडं घसरून ते भागवून घेतं, कोरड्या डांबरावर घसरत नाही आणि सगळा ताण गिअर आणि शाफ्टवर येतो. म्हणून कोरड्या रस्त्यावर फोर बाय फोर टाकून फिरायचं नाही, मित्रांना दाखवायला तर नाहीच. ४एल (चारी चाकांना जोर, जास्त ताकदीचे हळू गिअर) गाडी थांबवून, क्लच दाबून टाका. पुढे फ्री व्हील हब (पुढची चाकं शाफ्टला जोडायच्या-सोडायच्या चाकावरच्या कळा) असतील तर वाट सुरू व्हायच्या आधीच लॉक करून घ्या, गुडघाभर चिखलात उतरून हब फिरवणारे दरवर्षी दिसतात.

आणि ४एल अडकल्यावर टाकायची गोष्ट नाहीये. चढाच्या आधी टाका, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हळू चढू द्या, अर्धा क्लच दाबून ठेवू नका. उतारावर पहिला गिअर, ब्रेकवरून पाय बाजूला, इंजिनच गाडी धरतं.

रिकव्हरीचं सामान टायरच्याही आधी

एकटी गाडी घेऊन जायचं नाही, हा नियम सामानाच्याही आधी येतो. दोन गाड्या असल्या की बरंच सामान लागतही नाही.

गाडीला पुढे आणि मागे चेसिसला पक्के बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट पाहिजेत. जुन्या गाड्यांना जो वाकडा हूक असतो त्याचे बोल्ट गंजलेले आहेत का बघा, संशय असेल तर बदला. बंपरला, पाट्याला, टो बॉलला कधीच पट्टा अडकवायचा नाही, टो बॉल तुटून काचेतून आत आल्याने माणसं गेलेली आहेत. पट्टे दोन प्रकारचे असतात. एक ताणला जाणारा कायनेटिक, जो दुसरी गाडी थोडा वेग घेऊन झटक्याने ओढते तेव्हा वापरायचा, आणि दुसरा न ताणणारा, तो सावकाश ओढायला किंवा झाडाला गुंडाळायला. यांची अदलाबदल केली की काहीतरी तुटतं. साखळीने झटका मारणं तर विसराच. पट्टा जोडायचा शॅकल (लोखंडी कडी, पाट्याचा शॅकल वेगळा) घेताना त्यावर किती टनाचा हे कोरलेलं असावं, पाऊण इंची ४.७५ टनाची बो शॅकल जिप्सीला भरपूर झाली. ओढताना पट्ट्यावर मधोमध ओलं पोतं किंवा जाड गोधडी टाका आणि बघे लोकांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब उभं करा, मोबाईल घेऊन जवळ येणारा एकजण असतोच, त्याला पहिला हाकला.

याशिवाय फावडं, छोटी पहार, जॅकखाली ठेवायला लाकडाची जाड फळी (नुसता जॅक चिखलात गाडीऐवजी स्वतःच खाली जातो), हातमोजे, टॉर्च. खरं सांगू का, नव्वद टक्के वेळा गाडी फावड्याने निघते, चाकापुढचा आणि डिफरन्शियलखालचा चिखल उकरून हवा कमी केली की झालं, पण उकरायचा कंटाळा म्हणून लोकं ॲक्सिलरेटर दाबून गाडी पोटावर बसवतात. गावातला ट्रॅक्टर मदतीला आला तर दादांना आधी नीट सांगा की झटका द्यायचा नाही, सावकाश ओढायचं, आणि डिझेलचे पैसे न मागताही द्या.

विंच (पुढे बसवलेली, दोराने गाडी ओढणारी मोटर) सुरुवातीला नको. महाग, जड, पुढच्या पाट्यांवर वजन टाकते, आणि न शिकता वापरली तर धोकादायक.

टायर

सगळ्या बदलांमध्ये पैसे वसूल होतात ते इथे. किंगला कंपनीचा साइज २०५/७० आर १५, म्हणजे व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ घेतला तर ७०३ च्या आसपास, २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३. व्यासाचा अर्धाच भाग खाली मिळतो, म्हणजे २३५ ने डिफरन्शियल जमिनीपासून सव्वातीन सेंटिमीटर वर गेला. आणि इथे एक मुद्दा पक्का डोक्यात ठेवा, लिफ्टने फक्त बॉडी आणि चेसिस वर जाते, ॲक्सल जिथे होता तिथेच राहतो. दगडाला आपटतो तो डिफरन्शियलचा भोपळा, आणि तो वर उचलायचा एकच उपाय म्हणजे मोठा टायर.

पण मोठ्या टायरचा हिशोबही द्यावा लागतो. २३५ लावल्यावर गिअरिंग जवळजवळ दहा टक्के उंच होतं, १.३ लिटरचं इंजिन चढावर मागे पडतं, क्लच जास्त जळतो, ब्रेकला काम वाढतं, आणि स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा तुम्ही ६६ ला असता. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की टायर कुठेतरी घासतोच, मग लोकं पत्रा कापतात. रुंदी वाढली की किंगपिन आणि व्हील बेअरिंगवरही जोर येतो, त्यातून स्पेसर किंवा बाहेर आलेले रिम लावले तर आणखी. म्हणून पहिल्या वर्षी स्टॉक साइजमध्येच चांगले ऑल टेरेन (रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीला चालणारे) टायर टाका असं माझं मत आहे. पाच टाका, चार नाही. स्टेपनी वेगळ्या साइजची असेल तर ती लावून फोर बाय फोर वापरता येत नाही.

मड टेरेन (चिखलासाठीचे, खोल खाचांचे टायर) दिसायला भारी, पण पावसाळ्यात ताम्हिणीच्या ओल्या वळणावर ब्रेक मारून बघितला की कळतं, डांबरावर त्याची पकड कमीच. आपण जातो त्यातले बहुतेक किलोमीटर डांबरावरच असतात हो. कोकणाकडची लाल माती आणि मुरूम ऑल टेरेनला जमतो. देशावरची काळी माती मात्र कुठल्याच टायरला दाद देत नाही, दोन फेऱ्यांत खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. पाऊस पडून गेल्यावर काळ्या रानात ट्रॅक्टरवालाही जात नाही, तिथे आपण जायचं काही कारण नाही.

हवा कमी करणं हे सगळ्यात स्वस्त मॉडिफिकेशन आहे. रस्त्यावर २६-२८ पीएसआय ठेवत असाल तर दगडी वाटेला २०-२२, चिखल-वाळूला १६-१८. टायर खाली पसरतो आणि जमिनीला जास्त लागतो, मुख्य म्हणजे लांबीने जास्त लागतो. नवख्याने १५ च्या खाली जाऊ नये, वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. हवा कमी केल्यावर स्पीड कमी ठेवायचा आणि डांबराला लागल्या लागल्या परत भरायची, म्हणून १२ व्होल्टचा कंप्रेसर आणि बरा गेज घ्या. कंप्रेसर लायटरच्या सॉकेटला लावायचा घेऊ नका, थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या, फ्यूज उडत नाही.

आता लिफ्ट

एवढं सगळं करूनही पोट घासतंय, मोठा टायर घासतोय, तर मग. दोन इंच म्हणजे ५० मिमीच्या वर नवीन माणसाने जाऊ नये. चांगला मार्ग म्हणजे त्या उंचीसाठी बनवलेले पाटे आणि त्यांना जुळणारे लांब शॉक ॲब्सॉर्बर. स्वस्तातला मार्ग म्हणजे पाटेवाल्याकडे जाऊन एक पाटा वाढवून घेणे, त्याने गाडी वर जाते पण इतकी कडक होते की चाक खड्ड्यात उतरायलाच तयार नाही, हवेत राहतं, आणि हवेतलं चाक नुसतं फिरतं. ऑफरोडला उंचीपेक्षा चाक वर-खाली किती जातं ते महत्त्वाचं. सगळ्यात स्वस्त म्हणजे लांब शॅकल. जिप्सीला पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला आहेत, ते लांब केले की ॲक्सल फिरतो आणि कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, मग स्टेअरिंग वळल्यावर आपोआप सरळ येत नाही, हायवेवर गाडी भरकटते आणि ती वर सांगितलेली थरथर परत हजर. पाट्याखाली पाचर घालून कास्टर सुधारता येतो, पण मग पुढच्या शाफ्टच्या क्रॉसचा कोन बदलतो. एक केलं की दुसरं.

लिफ्ट झाल्यावर गाडी तशीच बाहेर काढायची नाही. चाकं पूर्ण खाली लोंबकळत असताना ब्रेकचे होज ताणले जातायत का बघा, हे पहिलं. शाफ्टचा सरकणारा भाग जास्त बाहेर आलाय का, बंप स्टॉप (ॲक्सल वर आपटू नये म्हणूनचे रबर) कामाचे राहिलेत का, स्टेअरिंगचा रॉड तिरका होऊन खड्ड्यात गाडी आपोआप वळतेय का. यू बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर परत आवळा, सैल पडतातच.

पाटे ॲक्सलच्या वर घेऊन करतात ती स्प्रिंग ओव्हर लिफ्ट फोटोत जबरदस्त दिसते. स्टेअरिंग, ब्रेक, शाफ्ट सगळं नव्याने बसवावं लागतं, गाडी कलंडायला सोपी होते, आणि जोर लावला की पाटे इंग्रजी एससारखे वाकतात. ते काम ज्याला स्वतः कळतं त्याने करावं.

पाणी आणि स्नॉर्कल

ओढ्यात उतरायच्या आधी चालत जाऊन बघायचं, काठीने तळ चाचपायचा, आणि पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा जोर असेल तर परत फिरायचं. गाडी हलकी आहे हा जो गुण सांगितला तोच इथे उलटतो, वाहत्या पाण्यात जिप्सी पटकन तरंगायला लागते.

स्नॉर्कल (इंजिनाला वरून हवा देणारी उंच नळी) इंजिनात हवेबरोबर पाणी जाऊ देत नाही, बस एवढंच. तेही एअर फिल्टरच्या डब्यापर्यंतचे सगळे जोड सीलबंद असतील तरच. डिस्ट्रिब्युटर, अल्टरनेटर, तुमचे पाय, यातलं काहीच तो वाचवत नाही. त्यापेक्षा आधी डिफरन्शियलचे ब्रीदर (आतली हवा आत-बाहेर होऊ देणारी छोटी तोंडं) वर घ्या. डिफरन्शियल चालून गरम झालेला असतो, थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदरला रबरी नळी लावून ती इंजिनच्या खोलीत वर नेऊन बांधायची, किरकोळ खर्चाचं काम आहे आणि स्नॉर्कलपेक्षा दहापट उपयोगाचं. पाण्याआधी पाच-दहा मिनिटं थांबून गाडी थंड होऊ दिली तर आणखी बरं. बाहेर आल्यावर थोडं अंतर ब्रेक हलका दाबत चालवा, ड्रममधलं पाणी सुकेपर्यंत मागचे ब्रेक नसल्यातच जमा असतात. पाण्यात गाडी बंद पडली आणि आत पाणी गेल्याची शंका असेल तर स्टार्टर मारू नका, प्लग काढून आधी इंजिन हाताने फिरवा, नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो.

समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. कोकणात आणि गोव्यात पोलीस गुन्हे नोंदवतात, भरतीत गाड्या जातात, आणि वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर वाळूखाली ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात. खाऱ्या पाण्याने जिप्सीच्या पत्र्याचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. सड्यांवर आणि वनखात्याच्या जमिनीतही तेच, वाट कुणाची आहे ते गावात विचारा आणि मगच जा.

लाइट

थोडक्यात. जास्तीचे दिवे लावायचे तर रिले आणि बॅटरीजवळ फ्यूज हे दोन्ही पाहिजेच. ५५ वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे साधारण ९ अँपिअर, त्याला १५ चा फ्यूज आणि त्याला पेलेल अशी वायर. जुनी वायर सोलून टेप गुंडाळून दिलेलं कनेक्शन चेसिसला घासून शॉर्ट होतं आणि पेट्रोलच्या गाडीत ते परवडणारं नाही. सार्वजनिक रस्त्यावर लाइट बार पेटवायचा नाही, झाकून ठेवायचा.

आल्यावर

ट्रिपहून आलात की गाडी धुवायला वरून सुरुवात करू नका. खालून, चेसिसच्या आत भोकांमधून पाणी मारा, चिखल आत बसून ओल धरतो आणि गंज तिथून सुरू होतो. रेडिएटरच्या जाळीतला चिखल समोरून प्रेशरने मारला तर फिन्स वाकतात, इंजिनच्या बाजूने हलक्या धारेने धुवा. ब्रेक ड्रम उघडून आतली माती काढा, नाहीतर लायनर आणि ड्रम दोन्ही खरवडले जातात. शाफ्टला परत ग्रीस. हबपर्यंत पाण्यात गेला असाल तर पुढची व्हील बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरा. डिफरन्शियलचा ड्रेन बोल्ट दुसऱ्या दिवशी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, जरासा सैल करून थोडंसं तेल भांड्यात घ्या. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं आणि पहिल्यांदा तेच बाहेर येतं. पाणी आलं किंवा तेल दुधी दिसलं तर सगळं बदला, पुढच्या रविवारपर्यंत थांबू नका. अँटी-रस्ट कोटिंग उन्हाळ्यात, गाडी खालून पूर्ण कोरडी असताना मारायचं. पावसाळ्यात ओल्या चिखलावर मारलं तर ओल आतच कोंडली जाते, आणि वर्षभराने स्क्रू ड्रायव्हर टोचला की कोटिंगसकट पत्रा हातात येतो.